दुखत नाही म्हणून बीपीची गोळी सोडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत मागच्या पंधरवड्यात हृदयविकारावर पानभर मजकूर आला होता. डॉक्टरांनी मनापासून लिहिलं होतं आणि मी तो दोनदा वाचला. त्यात अक्रोड होते, ऑलिव्हचं तेल होतं, पहाटेचं जॉगिंग होतं, वर्षातून एकदा पूर्ण शरीराची तपासणी होती. माझ्याकडे येणाऱ्या माणसांच्या घरात यातलं काही नाही. आणि ही माणसं ज्या वाटेने अटॅकपर्यंत जाताना मी रोज बघते, त्या वाटेचा त्या पानावर उल्लेखच नव्हता. म्हणून हे पत्र लिहायला बसले. लांबलं तर कात्री लावा, पण गोळ्या बंद करण्याबद्दल जे लिहिलं आहे तेवढं कृपा करून ठेवा.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मेडिकल चालवते. डी. फार्मसी करून लग्न होऊन इथे आले, तेव्हापासून काउंटरच्या आतच आहे. दुकान बसस्टँड आणि बाजारतळाच्या मधोमध असल्यामुळे आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं गावी परतताना आमच्याकडेच थांबतात. डॉक्टरांना पेशंट पाच मिनिटं दिसतो. मला तो महिन्याच्या महिन्याला दिसतो, आणि यायचा बंद झाला तर तेही माझ्याच लक्षात येतं.

बीपीची गोळी नव्याने लागलेल्या माणसाचे पहिले दोन महिने नीट जातात. चिठ्ठी घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत, गोळ्या वेळेवर, जेवणात मीठ कमी. मग तो दवाखान्यात जाऊन बीपी मोजून येतो. आकडा 130 वर 80 आलेला असतो. आनंदाने सांगतो, “ताई, नॉर्मल आली बगा. आता बंद.” आकडा गोळीमुळे खाली आला आहे, गोळी सोडली की काही दिवसांत तो परत चढणार, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. किंवा सांगितलेलं असतं, पण ओपीडीच्या गर्दीत ते कानावरून निघून गेलेलं असतं. त्यानंतर तो माणूस मला औषधासाठी दिसत नाही. खोकल्याच्या बाटलीला येतो, जनावराच्या गोचिडाच्या औषधाची चौकशी करून जातो, पण बीपीच्या गोळीचं नाव काढत नाही. मी विचारलं तर म्हणतो, “काई दुखत न्हाई, मंग कामून खायची रोज रोज?”

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे आणि मी त्याला अडाणीपणा समजत नाही. आपल्याकडे औषध दुखण्यासाठी असतं. ताप आला की गोळी, ताप उतरला की गोळी बंद. आपली आई, आजी सगळ्यांनी असंच केलं आणि तापापुरतं ते बरोबरही होतं. बीपीत मात्र दुखण्याची वाट बघत बसलं तर उशीर होतो. रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर रात्रंदिवस जास्तीचा दाब पडत राहिला की तिचं नाजूक अस्तर खराब होतं. तिथे चरबी साचते, वाहिनी आतून अरुंद होते, कडक होते. हृदयाला जास्त जोर लावावा लागतो, म्हणून त्याचा स्नायू जाड होतो आणि पुढे पुढे थकतो. मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्या बिघडतात, डोळ्याच्या पडद्यातल्या बिघडतात. हे सगळं वर्षानुवर्षं चालू असतं आणि माणूस शेतात, दुकानात, शाळेत आपलं काम नेहमीसारखं करत असतो. बऱ्याच जणांना पहिल्यांदा जे जाणवतं तो थेट अटॅक असतो, नाहीतर लकवा.

आणि हे थोड्याथोडक्यांचं दुखणं नाही. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 वर्षांवरच्या पुरुषांपैकी 24 टक्के आणि बायकांपैकी 21 टक्के जणांना उच्च रक्तदाब आढळला. दर पाच मोठ्या माणसांमागे सरासरी एकाला तरी आहे, असा याचा अर्थ. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतातल्या दर 100 मृत्यूंपैकी 60 हून अधिक मृत्यू हृदयविकार, लकवा, मधुमेह, कॅन्सर, दमा अशा न पसरणाऱ्या आजारांचे आहेत, आणि त्यात हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांचा वाटा सगळ्यात मोठा. साथीच्या रोगांची आपण धास्ती घेतो, घेतलीच पाहिजे. पण गावात पन्नाशीच्या आत गेलेल्यांची नावं आठवून बघा.

गोळी सुटण्याची आणखीही कारणं आहेत आणि ती मला काउंटरवर एकेक करून दिसतात. अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी घेणाऱ्या काहींच्या घोट्यावर सूज येते. काही वेगळ्या गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो. अशा वेळी डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घेता येते, मात्रा कमी करता येते, जोडीला दुसरी देता येते. आमच्याकडे माणूस तसं न करता गोळीच फेकून देतो आणि डॉक्टर रागावतील म्हणून तिकडे फिरकतही नाही. डॉक्टर मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे, गोळी बंद करून आलेल्या माणसाला ओरडू नका. तो परत आला हेच खूप आहे.

काही जण पाचच गोळ्या मागतात. पैशाची अडचण असते, मी स्ट्रिप कापून देते. पण एक हिशेब त्यांना जरूर सांगते. जनऔषधी केंद्रात अ‍ॅम्लोडिपिनची एक गोळी रुपयाच्या आत पडते. महिन्याचं औषध आपल्या दोन-तीन चहांच्या पैशात येतं. मेडिकलवाली असून मी दुसऱ्या दुकानाचा पत्ता सांगते याचं लोकांना नवल वाटतं. मला त्यात काही विशेष वाटत नाही. गोळी चालू राहिली पाहिजे, कुठून का घेईनात.

मग उपवास. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस. “उपासाला गोळी चालते का?” हे बायका अगदी हळू आवाजात विचारतात. आमच्या भागातल्या एका हरिनाम सप्ताहात कीर्तनकार महाराजांनी भर मंडपात सांगितलं, की पाण्याच्या घोटाबरोबर औषधाची गोळी घेतल्याने उपवास मोडत नाही, पांडुरंगाला तुमचा जीव हवा आहे. त्या एका वाक्याने जे झालं ते माझ्या सांगण्याने होत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी दोन आजीबाई बंद केलेली गोळी परत सुरू करायला चिठ्ठी शोधून घेऊन आल्या. इथे एक जपून सांगायचं आहे. हे बीपीच्या गोळीबद्दल झालं. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी नेहमीचाच डोस घेतला तर साखर एकदम खाली जाऊन चक्कर येऊ शकते, माणूस बेशुद्धही पडू शकतो. त्यांनी उपवासाच्या आधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. रोजे ठेवणारे आमचे मुसलमान ग्राहक रमजानच्या आधी डॉक्टरांकडून सहेरी आणि इफ्तारच्या वेळा लिहून घेऊन येतात. तशीच सवय आपल्या उपवासांना लागावी असं मला फार वाटतं.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचं तर वेगळंच. दसरा-दिवाळी झाली की सोनपेठ, गंगाखेड, पाथरीकडून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून कुटुंबंच्या कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात ती कारखाना बंद होईपर्यंत परतत नाहीत. इथल्या उपकेंद्रातलं त्यांचं कार्ड इथेच राहतं. फडावर कोयता चालवणाऱ्या बाईला गोळ्या कुठून मिळणार? परत आल्यावर बीपी मोजली तर 170, 180. सहा महिने ती त्या दाबावर राबलेली असते.

आता छातीत दुखण्याबद्दल. गेल्या हिवाळ्यात, तुरीच्या राशी चालू होत्या त्या दिवसांत, संध्याकाळी एक शेतकरी बायकोच्या मागे मोटारसायकलवर बसून आला. वय पंचेचाळीसच्या आसपास. गाडी ती चालवत होती हेच मला आधी वेगळं वाटलं. त्याने गॅसची गोळी मागितली. दुपारी भजी खाल्ली होती, तेव्हापासून छातीत जड वाटतंय म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलं. बाहेर थंडी होती, आम्ही सगळे स्वेटर घालून होतो आणि त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. चेहरा पांढराफटक. एक हात छातीवर सपाट धरलेला, बोट एका जागी टेकवून दाखवत नव्हता. जबड्यात पण ओढल्यासारखं होतंय, असं मी विचारल्यावर बोलला. मी गोळी दिली नाही. त्याला खुर्चीवर बसवलं, चालू दिलं नाही, आणि समोरच्या डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी बघून, प्रश्न विचारून अ‍ॅस्पिरिन चावायला दिली आणि 108 ला फोन लावला. पहिल्या ज्या ठिकाणी नेलं तिथे ईसीजीचं मशीन होतं, पण त्याचा कागद संपलेला होता. तिथून पुढे दुसरीकडे न्यावं लागलं. ईसीजीत मोठा अटॅक निघाला, गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन मिळालं, नंतर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून अडलेली वाहिनी आतून उघडण्याची अँजिओप्लास्टी झाली. आज तो शेतात आहे. बायकोने गाडी हाकली नसती, किंवा मी गॅसची गोळी देऊन पाठवलं असतं, तर काय झालं असतं याचा विचार मी करत नाही. पण त्या कागदाच्या गुंडाळीचा विचार डोक्यातून जात नाही. किती किरकोळ वस्तू आहे ती.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकली की त्यापुढचा स्नायू मरायला लागतो आणि मेलेला स्नायू परत येत नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण 12 तासांपर्यंत देता येतं, पण खरा उपयोग पहिल्या दोन-तीन तासांत. त्यातले दीड तास आमच्याकडे सोडा पिण्यात, ओवा चावण्यात, पाठीला बाम चोळण्यात जातात. दुखणं गॅसचं का हृदयाचं हे घरी बसून कुणालाच ठरवता येत नाही, मलाही नाही, तो ईसीजीच सांगतो आणि कधी कधी पहिल्या ईसीजीतही न दिसल्यामुळे थोड्या वेळाने परत काढावा लागतो. छातीत जडपणा किंवा आवळल्यासारखं, सोबत घाम, दम, मळमळ, दुखणं हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जाणं, यातलं काही असेल आणि काही मिनिटांत थांबत नसेल तर सरळ 108. मोबाईलवर एक मेसेज फिरतो, जोरजोरात खोकत राहा म्हणजे अटॅक थांबतो. तो खोटा आहे, त्याने वेळ जातो. जिभेखाली ठेवायची गोळी शेजाऱ्याच्या डबीतून घेऊन ठेवणारेही असतात. बीपी आधीच खाली गेलेली असेल तर तीच गोळी घात करते.

बायकांबद्दल वेगळं लिहिलंच पाहिजे, कारण त्या मलाच सांगतात. त्यांच्यात छातीत कळ येतेच असं नाही. “माय, पाठीत चमकतंय, दोन पायऱ्या चढले की दम लागतोय, पोटात ढवळतंय, काल रात्री झोपच नाही.” घरचे म्हणतात काम जास्त झालं, पित्त झालं, पाळी जायचं वय आहे. शुगर असलेल्या बाईत तर दुखणं फारच कमी जाणवू शकतं. पाळी गेल्यानंतर बायकांचा हृदयविकाराचा धोका वाढत जातो. माझ्या बघण्यात पुरुषाला दवाखान्यात नेताना घर जितकं धावतं तितकं बाईसाठी धावत नाही. ती स्वतःच म्हणते, बाजार झाल्यावर बघू.

आणि मिश्री. आमच्याकडच्या कितीतरी बायका सकाळी दाताला मिश्री लावतात, काही जणी दिवसातून चार-पाचदा. पुरुषांचा तंबाखू-चुना, पोरांचा गुटखा. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे हे लहान पोरालाही माहीत आहे आणि पुडी कुठे मिळते हेही. तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो एवढं आता लोकांना पटलंय, पाकिटावरची चित्रं बघून बघून. हृदयाचं कुणाच्या गावी नाही. 52 देशांत झालेल्या इंटरहार्ट या मोठ्या अभ्यासात, जो 2004 साली प्रसिद्ध झाला, तंबाखू चघळणाऱ्यांतही अटॅकचा धोका न चघळणाऱ्यांच्या दुपटीच्या आसपास दिसला. म्हणजे “मी बिडी ओढत नाही, नुसती तोंडात धरतो” याला काही अर्थ उरत नाही. त्याच अभ्यासातून पुढे आलेली गोष्ट आपल्यासाठी फार महत्त्वाची आहे. भारत आणि शेजारच्या देशांतल्या माणसाला पहिला अटॅक सरासरी 53 व्या वर्षी येतो, बाकी जगात तो साधारण 59 व्या वर्षी. सहा वर्षं आधी. मुलीचं लग्न, मुलाचं शिक्षण, सोसायटीचं कर्ज, सगळं त्याच सहा वर्षांत असतं. बिडी-सिगारेट सोडणाऱ्यांसाठी मात्र आशेची बातमी आहे, सोडल्यानंतर वर्षभरात त्यांचा हृदयविकाराचा जादा धोका जवळपास निम्म्यावर येतो.

खाण्याबद्दल थोडंच लिहिते, कारण त्यावर सगळेच लिहितात. आपलं जुनं जेवण वाईट नव्हतं. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, येसराची आमटी, अंबाडीची नाहीतर चुक्याची भाजी. ज्वारीच्या रानात सोयाबीन आलं आणि रेशनचा गहू-तांदूळ ताटात आला. मीठ मात्र तेवढंच राहिलं, उलट वाढलं. दिवसाला माणशी पाच ग्रॅमच्या आत मीठ असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ग्रॅममध्ये कुणी स्वयंपाक करत नाही, म्हणून मी बायकांना पिशवीचा हिशेब सांगते. घरात मोठी माणसं पाच असतील तर महिन्याला पाऊण किलोपेक्षा जास्त मीठ लागता कामा नये, आणि त्यात लोणचं, पापड, कुरडया, ठेचा सगळं धरायचं. किलोची पिशवी वीस दिवसांत संपते असं म्हणणाऱ्या बाईला मग वेगळं काही समजवावं लागत नाही. सैंधव मीठ खाल्लं तर चालतं हा एक समज फार पसरलाय. तेही मीठच आहे.

एक गोष्ट मात्र मला डॉक्टर आणि वाचक दोघांच्याही कानावर घालायची आहे, कारण ती फक्त मेडिकलवाल्यालाच दिसते. अंगदुखीच्या गोळ्या. खुरपणीला दिवसभर वाकलेली बाई, पोती उचलणारा हमाल, ट्रॅक्टरवर धक्के खाणारा ड्रायव्हर, सगळ्यांना संध्याकाळी “अंग मोकळं करणारी” गोळी हवी असते. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन. रोज, महिनोन्‌महिने. या गोळ्यांनी शरीरात मीठ आणि पाणी साठतं, बीपी वाढते, बीपीच्या औषधाचा असर कमी होतो आणि मूत्रपिंडाला इजा होते. काही जणांत अटॅकचा धोकाही वाढतो. डॉक्टर बीपीची गोळी वाढवत राहतात, कारण पेशंट त्यांना दुसऱ्या गोळीबद्दल सांगतच नाही. त्याच्या लेखी ते औषधच नसतं. मी चिठ्ठीशिवाय या गोळ्या देत नाही, त्यामुळे काही ग्राहक पुढच्या दुकानात जातात. जाऊ देत. पण माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगते, आपल्या हातून जाणारी ही पुडी साधी नाही. डॉक्टरांनी बीपीच्या पेशंटला एवढाच एक जादा प्रश्न विचारावा, अंगदुखीला काय घेता?

सरकारने काही केलेलं नाही असं मी म्हणणार नाही. असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 पासून आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची बीपी, शुगर आणि तोंडाच्या कॅन्सरची तपासणी, बायकांत स्तन आणि गर्भाशयमुखाचीही, फुकट व्हायला हवी अशी त्यात सोय आहे. आशाताई घरोघर येऊन वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घराण्यातला आजार हे विचारून फॉर्म भरतात. 2017 च्या शेवटी उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम देशात सुरू झाला, तो ज्या पहिल्या पाच राज्यांत झाला त्यात महाराष्ट्र होता. त्यातली रीत साधी आहे: ठरलेली मोजकी औषधं, प्रत्येक पेशंटचं कार्ड, गोळ्या घराजवळ, आणि कोण यायचं बंद झालं ते बघून त्याला बोलावणं. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते.

अडतं कुठे ते मला दिसतं. उपकेंद्रातून बाई चिठ्ठी घेऊन माझ्याकडे येते आणि सांगते, तिथे गोळ्या संपल्यात, पुढच्या आठवड्यात या म्हणाले. किंवा दहाच दिवसांच्या दिल्या. दहा दिवसांनी परत जायचं म्हणजे एक रोज बुडवायचा. फुकटच्या गोळीसाठी तिनेकशे रुपयांची मजुरी सोडायची का, असा तिचा हिशेब असतो आणि तो चुकीचा नाही. बीपी-शुगरच्या पेशंटला एका वेळी निदान तीस दिवसांच्या गोळ्या मिळाल्या पाहिजेत. आकडा स्थिर असलेल्याला दोन-तीन महिन्यांच्या द्याव्यात. ऊसतोडीला निघालेल्या माणसाला दसऱ्याच्या आधी तपासून मुक्कामभराचं औषध आणि कुठल्याही जिल्ह्यात चालेल असं कार्ड द्यावं. कारखान्याच्या तळावर महिन्यातून एकदा बीपी मोजायला आरोग्य कर्मचारी जावा. ईसीजीचा कागद आणि तो काढणारा माणूस रात्रीही जागेवर असावा. आता छोट्या दवाखान्यातला ईसीजी मोबाईलवरून मोठ्या शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञाला दाखवून काही मिनिटांत मत घेता येतं. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ही सोय रोज चालू स्थितीत असली पाहिजे. आमच्या लोकप्रतिनिधींनी रस्त्याच्या कामाइतक्याच आवाजात हे मागावं.

मोजण्याबद्दलही दोन शब्द लिहिते, कारण चुकीचं मोजून घाबरलेली माणसं पण माझ्याकडे येतात. बसमधून उतरून, जिना चढून, चहा पिऊन, तोंडात तंबाखू धरून मोजली तर बीपी जास्तच येणार. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. लघवी करून यावं, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसावं, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीला टेबलावर. मोजताना बोलू नये. एक-दोन मिनिटांनी परत मोजावं. एकदा 140 वर 90 च्या वर आली म्हणजे लगेच आजार ठरत नाही, पण वेगवेगळ्या दिवशी येत राहिली तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये. तिशीनंतर वर्षातून एकदा तरी मोजावी. ज्यांच्या आई-वडिलांना बीपी, शुगर किंवा लवकर अटॅक आलेला आहे त्यांनी तर नक्कीच, मग ते कितीही धडधाकट असोत. पोलीस भरतीची तयारी करणारा, रोज धावणारा एक मुलगा सहज म्हणून मोजायला बसला आणि त्याची 160 च्या वर निघाली. वडील लकव्याने अंथरुणावर आहेत. तो आता औषध घेतो आणि धावतोही.

संपादक महोदय, आपल्याकडे एक मागणी आहे. तूर, सोयाबीन, कापूस यांचे बाजारभाव आपण रोज छापता आणि ते पान आमच्या भागात शेवटच्या खेड्यापर्यंत वाचलं जातं. त्याच पानाच्या एका कोपऱ्यात आठवड्यातून एकदा कोणत्या उपकेंद्रात, कोणत्या आरोग्य केंद्रात बीपी-शुगर तपासणीचा वार कोणता आहे आणि तिथे गोळ्या शिल्लक आहेत की नाहीत, एवढं छापावं. जिल्हा आरोग्य विभागाकडे ही माहिती असते. छापून येऊ लागलं की साठा संपू न देण्याची काळजीही जरा जास्त घेतली जाईल. शिवाय, गोळी मध्येच का सोडली आणि परत कशी सुरू केली हे साध्या माणसांच्या तोंडून ऐकून त्यावर आपल्या वार्ताहरांनी लिहावं. तशी माणसं मी भेटवून देईन, त्यांची हरकत नसेल तर.

आमच्या दुकानासमोर बाजाराच्या दिवशी सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत बीपी मोजायचं मशीन आणि खुर्ची मांडलेली असते. पैसे लागत नाहीत. ज्यांनी गोळी बंद केली आहे त्यांनी जुनी चिठ्ठी सोबत आणावी, नसेल तरी यावं.

आपली नम्र,
एक औषध विक्रेती
(जि. परभणी)